बारावा टॉवेल

३० मार्च, रविवार

सदर बाजारातून बारा पांढरे टॉवेल आणले. दुकानदार म्हणे, "दीदी, होटल खोला है क्या?" काय सांगू त्याला! पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना असते. येशूनं शिष्यांचे धुतले म्हणून पास्टर मंडळीतल्या बारा जणांचे धुतात. टॉवेलांचं काम माझं. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हापासून माझंच.

गंमत म्हणजे बाराही जण घरून पाय धुऊन येतात! आमचे हे तर आदल्या दिवशी वज्री घेऊन टाचा घासत बसायचे. नखं काढायची, वर पावडर. "अहो, धुवायलाच जाता ना?" "मंग? घाण पाय पास्टरपुढं करू का?" कमिटीचा सेक्रेटरी नरेंद्र तर सेंट लावून येतो. पास्टर चमचाभर पाणी टाकतात, टॉवेल टेकवतात, झालं. टॉवेल जवळजवळ कोरडेच परत येतात.

यंदा ह्यांच्या पायाला वज्री लावायची सोय नाही. उजवा अंगठा काळा पडला आहे. शुगर.

२ एप्रिल, बुधवार

समता कॉलोनीत डॉक्टरांकडे. जखम वर चढते आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊ लागले तर हे म्हणाले, "इथंच बोला. पाय माझा आहे." गुडघ्याखालून काढावा लागेल. लवकर.

ह्यांनी पायावर विजार ओढून घेतली. मग — "पवित्र गुरुवार होऊ द्या, डॉक्टरसाहेब. त्या खुर्चीवर मले दोन पाय घेऊन बसू द्या." डॉक्टर चिडले. जोखीम आहे, ताप आला की त्याच दिवशी ॲडमिट व्हायचं. शेवटी ईस्टरनंतरचा सोमवार ठरला, तोही ह्यांची सही घेऊन.

रीना भिलाईहून फोनवर ओरडली, "मम्मी, आप पापा को समझाती क्यों नहीं?" समजावलं गं बाई! भिंतीला समजावलं असतं तर ती हलली असती.

६ एप्रिल, रविवार

उपासना संपल्यावर नरेंद्रनं गाठलं. "काकू, इस बार बाबाराव काकांना आराम देऊ. मेरा भतीजा बैठ जाएगा." काहून, म्हटलं. तो चपलेनं जमीन उकरत उभा. "समझो ना काकू. वास येऊन राहिला लोकायले. ऊपर से लाइव चलता है."

मी पास्टर शिशिरांकडे पाहिलं. आमच्या रीनाहून लहान, माणूस भला, माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाल्लेला. ते बायबलच्या कव्हरची चेन लावत-उघडत राहिले. "कमिटीचा निर्णय आहे, काकू. आपण काकांसाठी प्रार्थना करू." आणि तिथंच, उभ्या उभ्या, डोळे मिटून काय सुंदर प्रार्थना केली! एक शब्द अडला नाही. मीही आमेन म्हटलं. तोंडाला सवय आहे.

ज्या पायाला खरंच कुणी धुवायला हवं, नेमका तोच नको! आणि ही गोष्ट घरी जाऊन सांगायची मी.

८ एप्रिल, मंगळवार

सांगितलं नाही. सांगवत नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

हे ई-रिक्षानं चर्चला आले. आमच्या बेंचवरचे लोक एकेक करून मागं सरकले. "आज ऐसपैस आहे," हे म्हणाले. कळलं की नाही, देव जाणे. होसान्ना म्हणत झावळी हलवत होते. चार दिवसांवर गुरुवार, म्हणून खुशीत!

नरेंद्रवर तोंड सोडावं असं फार वाटतं. पण रोज पट्टी मीच सोडते ना — श्वास रोखून, मान वळवून. मग कुठल्या तोंडानं बोलू?

प्रार्थनेला बसले की पाठ आहे ते सगळं म्हणून होतं. पुढं काही येत नाही. पाय वाचव म्हणू? तो वाचणार नाही. मग काय मागू? तशीच बसून राहते. आत नुसतं रिकामं वाटतं.

१६ एप्रिल, बुधवार

हे सकाळपासून मोरीत वज्री शोधत होते. डाव्या पायाला तरी लावतो म्हणे. आता सांगावंच लागलं.

"अहो, ह्या वेळी तुमचं नाव नाही."

"मंग कोनाचं हाय?"

"नरेंद्रच्या पुतण्याचं."

"हव. त्याचे पाय चांगले आहेत." एवढंच. वज्री सापडली होती, ती बादलीच्या कडेवर ठेवून दिली. जेवताना मात्र म्हणाले, "मंग मी थांबलो कायले?"

मी पोळी वाढली. मग टॉवेलांना इस्त्री केली, मोजून पिशवीत भरले. ह्यांचं अंग कोमट लागतंय. थर्मामीटर लावू देत नाहीत.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

मला जायचंच नव्हतं. हे म्हणाले, "जा. टॉवेल तुह्याकडं आहेत. लोकायचे पाय ओले राहतील." गेले.

बारा खुर्च्या, मोबाईल स्टँडवर. पास्टर एकेकापुढं गुडघे टेकत होते, मी मागून टॉवेल देत होते. अकरा झाले. पिशवीत हात घातला तर रिकामी! मोजून भरले होते हो! पुतण्या पाय वर धरून बसलेला, पास्टरांचा हात मागं केलेला, सगळं चर्च बघतंय. शेवटी त्यांनी खिशातल्या रुमालानं पुसलं.

नंतर दाराशी विचारलं, "काकू, बारावा कुठं राहिला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ज्याचा होता त्याच्याकडं असेल." पास्टरांचा चेहरा पडला. मला वाईटही वाटलं नाही.

घरी आले. हे मोरीपाशी स्टुलावर बसलेले. पुढं कणकेची परात! परातीत कोमट पाणी, शेजारी वज्री, खांद्यावर बारावा टॉवेल. पिशवीतून काढून घेतला होता, चोर कुठले!

"बस," म्हणाले.

"अहो, हे काय भलतंच? माझे पाय घाण आहेत. धुळीतून चालत आले."

"म्हनूनच तर."

नको, नको म्हटलं. येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रही आधी नकोच म्हणाला होता. ह्यांनी ऐकलं नाही. माझ्या टाचांना ह्या भेगा, भेगांत काळं — मी लाजेनं मेले. ह्यांना वाकवत नव्हतं, धाप लागत होती. तरी बोटांच्या मधून धुतलं, टाचा घासल्या. "इतके दिस तू माह्या पायाशी बसून राहिली. मले एकडाव बसू दे."

परातीतलं पाणी काळं झालं. टॉवेल चिंब. कुणी गीत म्हटलं नाही, कुणी आमेन म्हटलं नाही. मी नुसती रडत होते. इतक्या गुरुवारांत देव असा जवळ कधी वाटला नव्हता, आणि तरी पाय जायचा तो जाणारच आहे.

मग ह्यांची पट्टी सोडली. आज मान वळवली नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

पहाटे हुडहुडी भरली. ताप. ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात सोडत नव्हते.

१९ एप्रिल, शनिवार

काढला.

२० एप्रिल, ईस्टर

हे शुद्धीवर आहेत, रीना जवळ आहे. काढलेल्या पायाचं हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं होतं, "आपके यहाँ क्या करते हैं?" पुरतो, म्हटलं. कब्रस्तानात जागा हवी म्हणून पास्टरांना फोन केला. सकाळची उपासना आटोपून ते कब्रस्तानातच आले. एकटेच. झगा नाही, नरेंद्र नाही, मोबाईल नाही.

गुंडाळायला मी बारावा टॉवेल नेला होता. पास्टरांनी पायाची पिशवी माझ्या हातातून घेतली. म्हणाले, "काकू, आधी धुऊ द्याल?"

आता? इतका राग आला! पण ते मातीत गुडघे टेकून बसले होते आणि लहान पोरासारखे रडत होते. मी पर्समधली पाण्याची बाटली पुढं केली.

त्यांनी पट्टी सोडली. वास आला. बोटांच्या मधून मधून, वेळ लावून धुतला. मग हात मागं केला. मी टॉवेल दिला.