अक्काचं वाकडं कुंकू

मंगळवार, १० जून. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी केडगावच्या स्टुडिओवाल्याने अक्काचा मोठा केलेला फोटो माझ्या हातात ठेवला. कपाळ कोरं! दाजी गेल्यावर आठ महिन्यांनी अक्काने, माझ्या बहिणीने, परवा स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, जरासं वाकडं. म्हणून तर मी मोबाईलवर फोटो काढला. तिला भेट द्यायला, शाळेत नन्सनी शिकवलेले टाके घालून कापडी चौकटही भरून ठेवली.

"कुंकू कुठे गेलं?"

"बाई, यांच्या मालकांचा हाराचा फोटो मीच करून दिल्ता. मला ठावं हाय ना. बरं दिसत न्हाई, म्हनून काढलं."

"कपाळ तुमचं आहे का?"

अक्का शेजारीच उभी होती. तिने पदर घेतला आणि कपाळ पुसलं. आज लावलेलं वाकडं कुंकूही गेलं. तिला बरोबर नेलंच कशाला मी?

घरी येताच त्याला पत्र लिहिलं, उद्या नेऊन देणार: कोणाला विचारून कुंकू पुसलंत, हे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. उत्तर माझ्या नावे नको, अक्काच्या नावे हवं. सोबत नवा फोटोही द्या, वाकड्या कुंकवासकट.