पंख्यापुढचं चिन्ह

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि बसायला फिरती खुर्ची! खोलीत हवा कशी वाहते, वास-धूर कुठे साचतो, हे इथे संगणकावर काढतात. खोलीचे दोन लाख चौकोन पाडायचे, प्रत्येकात हवेचं गणित. माझी पदविका अर्धवट राहिल्याचं साहेबांना ठाऊक आहे. तरी माझा अर्ज वाचून म्हणाले, एवढ्या नेटक्या वेलांट्या इंजिनिअरांनाही जमत नाहीत.

९ मार्च
लाकडी खेळण्यांच्या पॉलिशची खोली मोजून आलो. सात खुर्च्या, एक पंखा, एक खिडकी. तिसऱ्या खुर्चीवरच्या मावशींनी मास्क खाली ओढून विचारलं, जावईबापू, हवा मोजायला फूटपट्टी कशाला? सगळ्याजणी खिदळल्या. मीही हसलो.
खिडकीतून ओल्या पॉलिशवर धूळ येते. संगणकावर गणित करून अहवालात लिहिलं, खिडकी कायमची बंद केली तरी चालेल.

२१ मार्च
पंखा हवा बाहेर फेकतो. म्हणजे आकड्यापुढे उणे हवं होतं. मी अधिक घातलं. संगणक समजला, पंखा ताजी हवा आत आणतो. खिडकीवर तर फळी ठोकून झाली. आज उणे घालून पाहिलं. वास कुठेच जात नाही, तिसऱ्या खुर्चीशी साचतो. उद्या साहेबांना सांगेन.

२२ मार्च
सांगितलं नाही.

२७ मार्च
मावशी वारल्या. कामावरच, धाप लागून. साहेबांनी विचारलं, तू गेलास तेव्हा त्या मास्क लावायच्या का? मी नाही म्हणालो.
लावला होता. माझी थट्टा करण्यापुरता खाली ओढला होता.

२९ मार्च
पडद्यावर तिसऱ्या खुर्चीशी वासाचे ठिपके नाकाच्या उंचीवर पुढे येतात, मागे जातात. श्वासासारखे. या गणितात मी कुणालाच श्वास दिलेला नाही. पडद्यावरून खुर्चीच पुसली. ठिपके तिथेच.

३० मार्च
ठिपके चौथ्या खुर्चीशी. कारखान्यात फोन केला. चौथीवरच्या ताईंना घेरी आली होती. मुकादम म्हणाले, सगळं तुमच्या अहवालाप्रमाणेच आहे, निर्धास्त असा. मी बरं म्हणालो. बरं!

३१ मार्च
पाचवी खुर्ची. साहेबांच्या दारापर्यंत गेलो, आणि—

१ एप्रिल, दुपारी
कारखान्यात आलोय. तोंडाने जमत नाही, लिहून देतो. मुकादम जेवतायत. रिकामी म्हणून मला तिसऱ्या खुर्चीवर बसवलंय. बाकीच्याजणी माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघतायत.
तोंडावर वारा. गरम. येतो, जातो— पॉलिशचा वास—
मुकादमसाहेब, मावशींची चूक नव्हती. त्यांनी मास्क लावला होता. खिडकी आत्ताच्या आत्ता उघडा, ती बंद करायला मी सां