नजरेत मावेल एवढं

वरसे, रविवार दुपार

प्रिय दादा,

वैशालीचा नवरा बुधवारी मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. सोबत आईने भरलेली सुकटीची पिशवी आहे, ती आधी उघडशील हे मला माहीत आहे. पण खाऊन झालं की पत्र मात्र एकटा बसून वाच.

परवा फोनवर तू मला मनसोक्त चिडवलंस. म्हणे, "नमे, ड्रोनचं खूळ कुठून शिरलं डोक्यात? शाळेत मुलांना शिकवतेस की त्यांच्यासोबत खेळतेस?" आणि मग तुझ्या स्वभावाप्रमाणे लगेच विरघळलास. पुढच्या वर्षी येताना तिकडून भारीतला घेऊन येतो, तोवर थांब म्हणालास. मी हसले आणि विषय बदलला, कारण मी तेव्हा माहेरीच होते आणि बाबा माझ्या शेजारी बसून ऐकत होते. तर पहिलं म्हणजे, तिकडून ड्रोन आणू नकोस. बाहेरचा ड्रोन इकडे आणायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतील. दुसरं म्हणजे, आम्ही तो घेतलासुद्धा. आणि खूळ माझं नाही रे, बाबांचं आहे. "नमीला हवाय" असं तुला त्यांनीच सांगितलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

दिवाळीत मी माहेरी गेले होते तेव्हा बाबा म्हणाले, चल, आगरावर जाऊन येऊ. मिठाचं काम सुरू व्हायला अवकाश होता, पण तुला माहीत आहे, त्यांचे पाय तिकडेच वळतात. बांधावरून ते पुढे, मी मागे. मध्येच थांबले आणि म्हणाले, "गो नमे, उघाडी हाय ना जाग्यावर?" खाडीचं पाणी आत घ्यायची ती उघाडी त्यांच्या डाव्या हाताला होती, हात लांब केला असता तर तिच्या लाकडी फळीला लागला असता. मला वाटलं, थट्टा करतायत. दोन पावलं गेले आणि बांध सोडून सरळ वाफ्यात उतरले, गुडघाभर चिखलात. मला हात द्यायला लावून वर आले, हसले आणि म्हणाले, बांध झिजलाय. बांध झिजला नव्हता, दादा. घरी आल्यावर आईला विचारलं, ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "परवा पाण्याचा तांब्या पाडला. काल दाराच्या चौकटीला खांदा लागला. इचारलं की चिडतंत."

त्यानंतर मी आणि अक्षयने त्यांना पनवेलला नेलं. सासऱ्यांसाठी अक्षयने धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट बदलून घेतली होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फार शांतपणे बोलल्या. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. बरीच वर्षं आतल्या आत वाढत होता, दुखत नाही म्हणून कळला नाही. कडेकडेची नजर गेली, ती परत येणार नाही. मधली आहे तेवढी थेंबांनी टिकवायची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंजे नळीतून बगल्यासारखं दिसतं ते असंच ऱ्हानार?" बाई म्हणाल्या, नळी आणखी अरुंद होऊ नये म्हणून आपण प्रयत्न करायचा. परत येताना बाबा गाडीत खिडकीशी बसले होते. वडखळ गेल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मानूस समोर आला तर दिसतो. पन आगर दिसत नाय. एक वाफा दिसतो, मंग दुसरा. सगलं एकदम नाय दिसत."

मग माघात आपल्या गावात पुतळीमावशीच्या नातीचं लग्न झालं. शूटिंगला पेणचा हर्षद होता, तोच, ज्याचा स्टेशन रोडला स्टुडिओ आहे. त्याने वरात ड्रोनने टिपली. बाबा त्याच्या बाजूला उभे राहून बघत होते. मी जेवणाच्या पंगतीत होते, त्यांनी मला हाक मारली. जवळ गेले तर माझं मनगट घट्ट धरलं त्यांनी. हर्षदच्या हातातल्या फोनवर अख्खं गाव होतं. देऊळ, तळं, मांडव, मागे खाडी. बाबा म्हणाले, "गो, सगलं दिसतंय. सगलं एकदम दिसतंय." किती महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला!

हर्षदला एकदा आगरावर बोलावलं असतं तर तो आला असता, माणूस चांगला आहे. पण बाबांना एकदा नको होतं. वाफ्यात पाणी घेतलेलं, मग ते आटताना, मग मीठ धरताना, मग राशी पडलेल्या, असा सगळा हंगाम त्यांना बघायचा होता. म्हणून मी ठरवलं, आपणच घ्यायचा आणि आपणच शिकायचं.

निवडायला हर्षदच्याच स्टुडिओत गेलो, तो ड्रोन विकतोही. मी, अक्षय आणि बाबा असे तिघं. हर्षदने काउंटरवर तीन ठेवले. एक अगदी हलका, खेळण्यासारखा. एक मोठा, दणकट, कॅमेरा फार सुंदर. आणि एक मधला, पाय दुमडले की तळहातावर बसणारा, वजनाला अडीचशे ग्रॅमच्या आत. मी आदल्या आठवड्यात रोज फोनवर ड्रोनची माहिती वाचत बसले होते, त्यामुळे मेगापिक्सेल वगैरे विचारत सुटले. बाबांनी फक्त एक विचारलं. "खाडीचा वारा सोसंल काय?" हर्षद हसला आणि म्हणाला, काका, ते दुकानात कसं सांगू, चला बांधावरच जाऊ. आधी त्याने सरकारी नकाशावर आपला भाग हिरवा आहे, म्हणजे तिथे उडवायला मोकळीक आहे, हे मला दाखवलं आणि मग आम्ही निघालो.

हलका ड्रोन वर गेला आणि गेलाच. वाऱ्याने उचलून खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत नेऊन टाकला. हर्षद पँट वर करून चिखलातून शोधायला गेला, तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मोठा वाऱ्यात खांबासारखा उभा राहिला, पण त्याचा आवाज ऐकून सगळे बगळे उठले, आणि तो हातात धरायला मलाच भीती वाटली. त्याचे नियमही जास्त. मधला थोडा हलायचा, सावरायचा, पण चित्र हलत नव्हतं. कॅमेऱ्याखाली काही यंत्र असतं, ते त्याला स्थिर धरतं. बॅटरी कमी झाली की उडाला तिथेच आपोआप परत येतो. मी म्हटलं, हाच.

एक गोष्ट मात्र मी चुकीची धरून बसले होते. मला वाटलं, नजर कमी म्हणजे पडदा मोठा हवा. म्हणून अक्षयचा टॅब मुद्दाम बरोबर नेला होता. बाबांसमोर धरला तर ते मान इकडून तिकडे फिरवत बसले, शेतात हरवलेलं काहीतरी शोधावं तसे. त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात अक्षयने नुसता आपला फोन लावला आणि हातभर लांब धरला. बाबांची मान थांबली. लहान पडदा त्यांच्या नळीत पुरता मावत होता! मला तिथेच रडू आलं, आणि ते लपवायला मी तिवरांकडे बघत राहिले.

गेल्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा आपला ड्रोन उडवला. ओहोटी होती, मीठ धरलेलं, राशी पडायला लागलेल्या. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मी रिमोट घेऊन मागे उभी. उन्हाने फोनवर काहीच दिसेना, तर आई आली, शेजारी बसली आणि तिने आपला पदर फोनवर आणि बाबांच्या डोक्यावर तंबूसारखा धरला. आतून बाबांचा आवाज यायला लागला. हा आजाचा वाफा. हे काशीबाईचं खोपट होतं. हा बांध प्रवीणच्या, म्हणजे तुझ्या, जन्माच्या वर्षी घातला, हौसा पोटुशी होती तरी पाट्या वाहायची. एक घार दोनदा झडप घालायला आली, मी घाबरून ड्रोन खाली आणला, तर आमच्यावरच येऊन थांबला. बाबा म्हणाले, "ही दोगं कोन बसल्यान?" मी म्हटलं, तुम्हीच की, तुम्ही आणि आई. ते बघतच राहिले. मग पदरातून डोकं बाहेर काढून त्यांनी आईकडे सरळ समोर पाहिलं आणि म्हणाले, "हौसा, क्यास पांढरं झालं गो तुजं." आई म्हणाली, "आता दिसलं व्हय?" आणि तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. नव्या नवरीसारखी लाजली होती रे ती.

घरी परतताना बाबा माझा हात धरून चालत होते. आता धरतात, मी नेहमी उजवीकडे असते. बांध संपताना म्हणाले, "आगर बगून झालं. आता प्रवीणला बगायचाय." मी म्हटलं, बोलावते. तर थांबले आणि मला शपथ घातली. मागे आईच्या ऑपरेशनला तू काम सोडून आलास आणि तिकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. म्हणाले, त्याला फोनवर बोललीस तर याद राख. मी विचारलं, रोज व्हिडिओ कॉलवर दिसतो की तुम्हाला. म्हणाले, "फोनातला पोरगा हाताला लागत नाय."

म्हणून हे पत्र. फोनवर मी काही बोललेले नाही, शपथ तेवढीच होती. दादा, डॉक्टरीणबाईंनी घाबरवलं नाही, पण मुदतही दिली नाही. पुढच्या वर्षीची सुट्टी पुढच्या वर्षी घे. आत्ता, या शिमग्याला, आठ दिवस मिळाले तरी ये. काम सोडू नकोस, रजा माग. ते माझ्यावर चिडतील, चिडू देत. काही आणू नकोस. आणि आलास की दारातून हाक मारत त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहू नकोस, बाजूचं त्यांना दिसत नाही. सरळ समोर ये, खाली बस, आणि ते पुरेसं बघेपर्यंत उठू नकोस.

तुझीच,
नमू