भाच्याचा कोट आणि दुपारची गोळी

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संस अनेक आशीर्वाद, वि. वि.

देवाच्या दयेनं इकडे ठीक. तुम्ही पाठवलेलं कोटाचं कापड पोचलं. पहिल्या नोकरीला मामाच्याच हातचा कोट हवा असं भाचा म्हणाला, हे वाचून ह्यांचा ऊर भरून आला. कापड मात्र अजून घडीतच आहे.

तुम्हांला म्हणून लिहिते. सकाळी पार्किन्सनची गोळी घेतली की ह्यांचा हात बरा चालतो. दुपार झाली की पाय जमिनीला चिकटतात, बोटांत खडूसुद्धा ठरत नाही. एवढं भारी कापड वाया गेलं तर, या धास्तीनं हे कात्रीला हात लावत नाहीत. कोट दुसऱ्या शिंप्याकडे टाका आणि आपण दुकान विकून टाकू, म्हणतात.

काल डॉक्टरबाईंकडे नेलं. इस्त्रीचा सदरा घातला, गोळी अशी बेतून दिली की दारात शिरताना हे अगदी ताठ! बाई खूश. आहे तेच औषध चालू ठेवा म्हणाल्या. चारचौघांत शोभा झाली नाही, देव पावला.

लोभ आहेच, तो वापरून संपवू नये.

तुमची वहिनी

दि. ११ फेब्रुवारी

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू की रडू कळेना. माप देताना पोट आत ओढून उभं राहणाऱ्या गिऱ्हाइकाला दादा कसा झापतो, विसरलात? श्वास सोडा साहेब, नाहीतर बटणं माझ्या नावानं तुटतील! तुम्ही डॉक्टरबाईंपुढे दादाचं तेच केलंत. दुपारचा दादा त्यांनी पाहिलाच नाही, तर औषध कशावर बेतणार? पुढच्या वेळी इस्त्री घरी ठेवा आणि भर दुपारी न्या. तुमचा काटकसरी हात ठाऊक आहे मला, तेव्हा मनानं गोळी कमीजास्त करू नका.

कोट मी दुसरीकडे टाकणार नाही. आमचे चिरंजीव सदऱ्यावर कामाला जातील.

रागावलात तर तसं कळवा. पत्र आलं की मी लोभच समजेन.

तुमची धाकटी नणंद

दि. २८ मार्च

चि. सौ. वन्संस अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावले होते. दोन दिवस तुमचं पत्र उशाखाली दडपून ठेवलं. मग मुकाट्यानं दुपारची वेळ मागितली.

हे दारातच अडकले, एक पाऊल पुढे पडेना. मी मेल्याहून मेल्यासारखी! बाई मात्र खुर्ची सोडून जवळ आल्या, नीट पाहिलं, आणि हे सगळं इतके दिवस कुठे लपवलं होतंत असं मलाच विचारलं. गोळी कशाबरोबर देता म्हणाल्या, तर मी मोठ्या दिमाखात सांगितलं, पेलाभर दुधाबरोबर. त्यांनी कपाळाला हात लावला. दुधानं ह्या गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून ती जेवणाच्या बऱ्याच आधी पाण्याबरोबर घ्यायची. मग ह्यांना विचारलं, हात नेमका कशासाठी चालायला हवा? हे म्हणाले, थोडा थरथरला तरी चालेल, कापताना अडू नये. ते धरून बाईंनी गोळी लहान केली आणि जास्त वेळा दिली. पुढे ह्यांचं अंग उगीचच डुलायला लागलं, तेव्हा फोन केला. बाईंनी एका वेळची गोळी थोडी कमी केली. आता मी त्यांना सगळं सांगते, पोट साफ होत नाही तेसुद्धा.

परवा ह्यांनी कापड पसरलं. मी देवापुढे हात जोडून बसले, कान कात्रीकडे. मध्येच आवाज थांबला. धावत गेले, तर हे निवांत बसलेले. गोळी चढू दे, कापड कुठे पळून जातंय, म्हणाले. चढली, आणि मग सरळ शेवटापर्यंत कापलं. कोट शिवूनही होत आला आहे.

दुकान विकण्याचं नाव नाही. उलट, दुपारी हात अजून थोडा वेळ अडतो म्हणून ह्यांनी बाहेर पाटी लावली आहे: दुपारी दुकान उघडे, मालक बंद. लाजेनं मी पाटी काढायला गेले, तर बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली, मालक उघडायची वाट बघत.

कोट अंगात घालून भाच्यानं यावं, त्याच्याबरोबर तुमचा लोभही यावा.

तुमची वहिनी