लाल शाईचा शेरा

४ जून

ती. ताईस, सा. न.

तुझी रक्तातल्या साखरेच्या नोंदींची वही तपासून परत पाठवतोय. बारा मेला २३४, सव्वीसला २४१! शाळेत तीस वर्षं वह्या तपासल्यात, मला फसवणं सोपं नाही. तू चोरून गोड खातेस. प्रत्येक आकड्याखाली लाल शाईने शेरा दिलाय, नीट वाच.

अशा तब्येतीत गणवेशाच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून कापड कापणं आता बस झालं. तुला कटिंगच्या टेबलावरून काढा, असं तुझ्या मालकांना कळवलंय. महिनाअखेर सामान बांध आणि इकडे ये.

काळजीपोटी लिहिलंय, राग मानू नकोस.

तुझा,
धाकटा

९ जून

चि. हेडमास्तरांस, आशीर्वाद. (आज मोजूनमापून देतेय.)

राग मानू नकोस म्हणे! मी रोज सहाला बोट टोचते. परवा टपाल उशिरा आलं, तोवर टोचून झालं होतं: १४६. तुझं पत्र वाचून अशी भडकले, की तासाभराने पुन्हा टोचून पाहिलं: २१८! मधे पाण्याचा घोटसुद्धा नाही.

काल मालकांनी सगळ्या शिवणाऱ्या बायकांसमोर विचारलं, बाई, गोड सुटत नाही का तुमचं? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एकवीस वर्षं ते टेबल माझं आहे. आठ थर एकदम कापते, सूतभर इकडचं तिकडे होत नाही. माझी कात्री त्यांनी कपाटात ठेवली, पुढची तपासणी होईपर्यंत. मी बटणं निवडत बसलेय.

तशीच तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेले. राग आला, धास्ती बसली, अपमान झाला, की कण न खाताही शरीर स्वतःच रक्तात साखर सोडतं, असं त्या म्हणाल्या. बारा आणि सव्वीस तारखेला काय घडलं होतं, असंही विचारलं. आठवावं लागलंच नाही! दोन्ही दिवशी तुझी तपासलेली वही आली होती. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच! मी बिनसाखरेचा चहा पिते रे, गोळी चुकवत नाही, आणि तू मला चोर ठरवलंस.

मी कुठेही येणार नाही. माझी कात्री मला परत हवी.

तरीही तुझीच,
ताई

१५ जून

ती. ताईस, सा. न.

टपालाच्या पावत्या काढून तारखा ताडून पाहिल्या. पोचायचे तीन दिवस धरले, तंतोतंत जुळल्या. तोंड दाखवायला जागा नाही मला.

आईची साखर कुणी बघितली नाही, आणि ती गेली. म्हणून तुझ्या मागे हात धुऊन लागलो. मला भीती वाटत होती ताई, आणि मी शेरे मारत सुटलो. मालकांना दुसरं पत्र धाडलंय: चूक माझी, कात्री ताईची.

सोबत माझं लाल पेन पाठवतोय. हे पत्र तूच तपास. लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझा ओशाळलेला,
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास, न मोजता आशीर्वाद.

कात्री मिळाली. मालकांना त्याच बायकांसमोर चूक कबूल करायला लावली, सोडते की काय! पथ्य, गोळ्या, तपासणी चालूच आहे.

तुझं पत्र फोडण्याआधी १४१. वाचून तासाभराने १४३. ते वरचे दोन आईच्या आठवणीचे.

पत्र तपासून परत पाठवतेय. खाली तुझ्याच पेनाने शेरा दिलाय: प्रगती आहे. सुट्टीत ताईला भेटायला यावे, वही न मागता.

ताई