टेकडीवरची जागा लोर्नाला

मी, विनिफ्रेड कोए, माहेरची स्नोशू, कै. अर्नेस्ट कोए यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, जमात ग्विचिन, राहणार पील नदीकाठ, उत्तर कॅनडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत असल्याचे त्यांनीच लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणील असे घरात कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सर्व काही माझा मुलगा जोएल याला दिले होते.

कलम १. राहते घर वस्तीच्या मंडळाचे आहे, ते मला देता येत नाही. खिडकीतून वारा येतो हे पुढच्या भाडेकरूला सांगावे. मंडळाला सांगून उपयोग नाही.

कलम २. कातडी कमवायची हाडाची खरवणी, मण्यांचे डबे आणि मांस धुरावर सुकवायची झोपडी माझी भाची लोर्ना स्नोशू हिला द्यावी. झोपडीचे छप्पर दुरुस्त करावे लागेल.

कलम ३. बँकेत जे आहे त्यातून दफनाचा खर्च भागवावा. उरेल ते चर्चच्या सरपणाला.

कलम ४. रस्त्यालगतच्या टेकडीवरची जागा. ती माझ्या मालकीची नाही, कोणाच्याच नाही. पण शरद ऋतूत कॅरिबू हरणांचा कळप उतरू लागला की तिथे बसून आधी पाहायचे आणि बंदुका केव्हा उचलायच्या ते सांगायचे, हे काम वडिलांनी मला दिले. म्होरक्या माद्यांना जाऊ द्यायचे. त्यांनी वाट धरली की मागचे निर्धास्त येतात, मग लागेल तेवढेच मारायचे. हे काम मी लोर्नाला देत आहे. तिच्या वडिलांना, म्हणजे माझा धाकटा भाऊ एलायजा स्नोशू याला, ते मिळणार नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी तर्क लढवणार नाही.

चार वर्षांपूर्वी कळप रस्त्याशी आला तेव्हा मी टेकडीवरून हात आडवा केला होता; तो खाली येईपर्यंत गोळी झाडायची नसते. एलायजा खाली गाडीपाशी बंदूक घेऊन उभा होता. मी उतरून गेले.

"थांब ना रे. पुढच्या जाऊ देत."

"ताई, ते बाबांच्या काळात ठीक होतं. आता बाहेरचे लोक गाड्या भरभरून नेतात. आपण काय, हात हलवत बसायचं?"

"पुढच्या मारल्यास तर मागच्या यायच्या नाहीत."

"येतील की! पाय आहेत त्यांना."

त्याने तीन पाडल्या. कळप जागीच वळला आणि नदीपलीकडच्या डोंगरामागे गेला. त्या वर्षी आमच्या बाजूला पुन्हा आला नाही.

जोएल आमच्याखेरीज आणखी दोन म्हाताऱ्यांच्या घरी मांस पोचवत असे. मांसाच्या झोपड्या रिकाम्या राहिल्या म्हणून तो नदी ओलांडून शिकारीला जायला निघाला. नदीवरचा बर्फ अजून घट्ट धरला नव्हता. "कडेकडेनं जातो गं आई," म्हणाला. चहा अर्धा ठेवला होता, तो मी ओतून टाकला. प्रेत वसंतात खालच्या वळणावर मिळाले. ओळख पटवायला मला नेले. हातमोज्यांवरचे मणी मीच ओवलेले होते, त्यामुळे वेळ लागला नाही. मला रडू आले नाही. अजून आलेले नाही. लोक ह्याला धीर म्हणतात. तसे काही नाही.

एलायजा दाराशी आला होता. "ताई, दार उघड. शिव्या दे, पण उघड." मी आत बटाटे सोलत होते, ते सोलून झाले. तो मांस पायरीवर ठेवून गेला. कावळ्यांनी खाल्ले.

पुढच्या शरदात कळप आमच्याकडे आला. मी टेकडीवर हात आडवा धरून बसले होते, सवयीने. एलायजाने रस्त्यावर गाडी लावून बंदूक काढली. लोर्नाने आपली गाडी आणून बरोबर त्याच्या नेमापुढे आडवी घातली आणि खाली उतरली. त्यांचे बोलणे मला वर ऐकू येत होते.

"बाजूला हो, पोरी."

"नाही होणार. आत्यानं अजून हात खाली केला नाही."

"बापाला शिकवतेस?"

"हो. जोएलदादा असता तर त्यानं शिकवलं असतं."

एलायजाने बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि गाडीत जाऊन बसला. म्होरक्या रस्ता ओलांडून गेल्या, त्यांच्यामागून डोंगरउतार भरून कळप आला. त्या हिवाळ्यात सगळ्यांच्या झोपड्यांतून धूर निघत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी हात खाली केला, एवढे आठवते.

कलम ५. जोएलची बंदूक लोर्नाला.

कलम ६. दरवर्षी पहिले मांस वाटताना एलायजाचा वाटा वगळू नये. लोर्नाने तो स्वतः नेऊन द्यावा, पायरीवर ठेवू नये. ही माफी नव्हे. म्हाताऱ्यांना आधी द्यायची आपली रीत आहे, आणि तो आता म्हातारा झाला आहे.

कलम ७. मला जोएलशेजारी पुरावे. मात्र कळप उतरत असताना मी गेले, तर चर्चची घंटा वाजवू नये, गोठलेली जमीन मऊ करायला जाळ करू नये, गाड्या घेऊन कोणी येऊ नये. म्होरक्या पलीकडे जाईपर्यंत मला मागच्या पडवीत ठेवावे. तिथे थंडी असते. मला कुठे जायची घाई नाही.

ठिकाण: पील नदीकाठ
दिनांक: १९ ऑगस्ट २०१९
सही: विनिफ्रेड कोए

वरील मजकूर त्यांनी आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार १: मार्था टेटलिची, दवाखान्यातील परिचारिका
साक्षीदार २: अल्फ्रेड फ्रान्सिस, चर्चमधील बायबल-वाचक