घसरणारा चष्मा

२ जानेवारी
संकल्प एकच. चष्मा सोडायचा.

चष्म्याच्या दुकानदारानं चष्मा सोडायचा म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवण्यासारखं आहे, पण माझा नाइलाज आहे. चष्मा घसरतो. आज एका बाईंच्या डोळ्यांत टॉर्च मारायला वाकलो, तर चष्मा थेट त्यांच्या मांडीवर. बाईंनी तो पुसून परत दिला आणि म्हणाल्या, आधी तुमचं बघा.

कारण साधं आहे. दुकानात नंबर मी काढायचो आणि फिटिंग आमची ही करायची. माझ्या चष्म्याचंसुद्धा. काडी हीटरवर गरम करायची, माझ्या कानामागे बोट लावून अंदाज घ्यायची आणि वाकवायची. गेल्या वर्षी ही घर सोडून गेली आणि रस्त्यापलीकडच्या नव्या शोरूममध्ये फिटिंगलाच लागली. जाताना म्हणाली, दिवसभर गिऱ्हाइकांना विचारता, हे बरं दिसतंय की ते, मला कधी काही विचारलंत? मी तेव्हा हिशेबात होतो. काय विचारायचं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

तिची आठवण वगैरे येत नाही. फक्त चष्मा घसरतो.

५ जानेवारी
स्वावलंबन. आज फिटिंग स्वतःच केलं. त्यासाठी चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की मला हीटर दिसत नाही, हे ऐन वेळी लक्षात आलं. बोट भाजलं. डावी काडी वितळली. आता चष्मा घसरतो तो तिरका.

शिवाय नंबर जुना. डोळ्यांवर मायनस साडेअकरा, खरा मायनस चौदा. आमच्याच मशीननं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून नंबर तिथंच आहे. दिव्याखाली अंधार. तेव्हा ही पाठीमागे लागली होती, नवा करून घ्या, मी बसवून देते. मी म्हणायचो, जरा गर्दी ओसरू दे. गर्दी ओसरली. मग हीच गेली.

९ जानेवारी
ताई आली होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. येते, डबा ठेवते, घर आवरते आणि माझ्याकडे बघून उसासे टाकते. तिला मी बजावून ठेवलंय, या घरात हिचा विषय निघणार नाही. तरी आज निघालाच. अरे, तिचा एक निरोप आहे, असं म्हणाली. मी हात वर केला. म्हटलं, मला त्यात रस नाही. ताईनं भांडी जरा जास्तच आदळली.

आणि निरोपाची गरजच काय? ही रोज समोर दिसते. शोरूमच्या काचेच्या दारात, निळा कोट घालून, तोंड माझ्या दुकानाकडे करून उभी असते. तासन्‌तास हलत नाही. पहिल्यापासून हट्टीच. मी कॅलेंडर सरळ करायच्या निमित्तानं उठतो आणि बघून घेतो. या चष्म्यातून चेहरा नीट दिसत नाही, पण नवऱ्याला चेहरा लागत नाही. उभं राहण्यावरून कळतं.

रस्ता ओलांडून जाता येईल. पण या अवतारात? ती काही बोलणार नाही, नुसता हात पुढे करून माझी काडी सरळ करेल. आणि मला तिथंच रडू फुटेल, लोकांसमोर. नको.

१५ जानेवारी
डोळ्यांच्या हॉस्पिटलात जाऊन आलो. लेझर माझ्या नंबराला जमत नाही, म्हणून आतली लेन्स. आपण या धंद्यातले, तेव्हा डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून ऑपरेशन मीच त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तुम्ही मोतीबिंदूचं सांगितलंत.

यात आपलं मूळ भिंग काढत नाहीत. त्याच्या पुढे, रंगीत पडद्याच्या मागे, एक मऊ लेन्स सरकवतात. तिला जागा आहे का, म्हणून डोळा आतून मोजला. डोळ्याच्या मागचा पडदाही तपासला. जागा आहे म्हणाले. उद्या नको वाटली तर लेन्स काढताही येते. हे मला आवडलं नाही. एकदा बसवलेलं कोण काढतं?

मग डॉक्टर म्हणाले, तुमचं वय त्रेचाळीस, लांबचं छान दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल. म्हटलं, मला? मी चष्मा काढून घड्याळाच्या पोटातला स्क्रू बघतो. ते म्हणाले, नेमकं तेच जाणार. मी म्हटलं, जाऊ दे, जवळ बघण्यासारखं सध्या माझ्याकडे काही नाही. त्यांनी मान वर केली. मी पावती घ्यायला बाहेर गेलो.

२२ जानेवारी
आज हिनं गॉगल घातलाय. दारात, सावलीत, गॉगल. रडून रडून डोळे सुजले असणार.

दिवसभर जीव लागला नाही कशात. एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लिहिला. ठरवलं, मागचं सगळं विसरून हिला माफ करायचं. ऑपरेशन झालं की तडक रस्ता ओलांडायचा, चष्म्याशिवाय, ताठ मानेनं. काय बोलायचं, ते आरशासमोर पाठ केलं. मोठं भाषण झालं. त्यात माझीच बाजू फार येत होती. छाटत छाटत शेवटी दोन शब्द उरले: चल घरी.

२५ जानेवारी, रविवार
बाजार बंद. सहज म्हणून दुकानाकडे गेलो. शोरूमचे दिवे मालवलेले, दाराला कुलूप, आणि काचेच्या आत ही उभी! सुट्टीच्या दिवशीही! मालकानं दया येऊन किल्ली दिली असणार.

मीही आमचं शटर वर केलं आणि खुर्ची टाकून बसलो. ती तिकडे, मी इकडे, संध्याकाळपर्यंत. आम्ही दोघांनी मिळून घालवलेला असा रविवार कित्येक वर्षांत झाला नव्हता.

३ फेब्रुवारी
हॉस्पिटलातल्या काउन्सेलर मुलीनं माहितीपत्रक दिलं. शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षा ठेवावी. थोडी जळजळ, थोडं पाणी, रात्री दिव्यांभोवती वलयं, काही दिवस डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, चोळायचं नाही, थेंब वेळेवर, दरवर्षी पडद्याची तपासणी. तिनं विचारलं, तुमची अपेक्षा काय आहे? मी सांगितलं, रस्त्यापलीकडचं दिसावं. ती म्हणाली, इतकंच ना, अगदी झाडाचं पान न् पान दिसेल.

सोबत कोण येणार, तेही विचारलं. पटकन हिचंच नाव तोंडात आलं. मग ताईचं सांगितलं.

११ फेब्रुवारी
परवा एक डोळा, काल दुसरा. ताई म्हणते लिहू नकोस, म्हणून चार ओळीच.

आधी बाहुली मोठी करायचे थेंब, मग बधिर करायचे. पापण्यांना चिमटा. वर मोठा दिवा. दुखलं नाही, पण दाबल्यासारखं होतं आणि आपण कुठं आहोत, ते कळत नाही. मी अजिबात घाबरलो नव्हतो. सिस्टरचा हात धरला, तो तिला धीर यावा म्हणून. लेन्स गुंडाळून आत घालतात आणि ती आतल्या आत उलगडते. डॉक्टरांना म्हटलं, मध्यभागी बसवा. ते म्हणाले, तुम्ही बोलला नाहीत तर बसेल.

आज सकाळी सवयीनं उशीशी हात गेला. चष्मा नाही. घाबरून वर बघितलं, तर पंखा. पंख्याची पाती. पात्यांवरची धूळ! मग दारात ताई दिसली. ताई किती म्हातारी झाली आहे, आणि मला कुणी सांगितलं नाही. मला भरून आलं, तशी ती ओरडली, रडू नकोस, आत्ताच थेंब घातलेत.

दुपारी परत तिनं तो निरोप काढला. मी म्हटलं, आता आठवडाभरच थांब. मी स्वतः समोरासमोर ऐकणार आहे.

१४ फेब्रुवारी
सक्तीची विश्रांती. दिव्यांना वलयं दिसतात. आमचं घर इतकं मळकं असेल असं वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरात बटणाच्या शेजारी हिच्या हाताचा डाग आहे, ओल्या हातानं रोज दिवा लावून लावून पडलेला. ताई ओलं फडकं घेऊन आली. तिला म्हटलं, ते राहू दे.

निळा शर्ट इस्त्री केला.

१७ फेब्रुवारी
दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक रिटायर्ड मास्तर. चष्मा नसलेल्या माणसाकडून चष्मा घ्यायचा कसा, असं म्हणून निघाले. त्यांना थोपवायला मी एक रिकामी फ्रेम चढवली. समाधान झालं त्यांचं.

मग कॅलेंडर सरळ करायला उठलो.

पुठ्ठा आहे.

माणसाएवढ्या उंचीचा पुठ्ठा. निळ्या कोटातली कोणी मॉडेल, गॉगल घातलेली, दात दाखवणारी. पायाशी सवलतीची पाटी. मागून टेकू दिसतो. एक कोपरा सुटला आहे, तोही दिसतो. पान न् पान दिसतंय.

सायं.
तरी गेलो. शर्ट इस्त्रीचा होता. फिटिंगच्या टेबलावर एक नवी मुलगी होती. तिनं सांगितलं, त्या मॅडम नोकरी सोडून गावाबाहेर गेल्या, झाले की चार-पाच महिने. मी निघालो, तर दारातल्या पुठ्ठ्याकडे बघतोय असं वाटून ती आपणहून म्हणाली, मॅडम इथंच उभ्या राहायच्या, रोज दुपारी, काम नसलं की. समोर त्यांच्या ओळखीचं कोणीतरी होतं म्हणे. त्या गेल्यावर कोपरा रिकामा दिसायला लागला, म्हणून मालकांनी हे आणून ठेवलं. गॉगल मागच्या महिन्यात चिकटवला, सवलत लागली तेव्हा.

म्हणजे ती उभी राहायची. मला दिसायची ती सुरुवातीला तीच होती. ती कोणत्या दिवशी गेली आणि हे कोणत्या दिवशी आलं, मला कळलंसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी
स्वतः ताईकडे गेलो. म्हटलं, सांग तो निरोप. ताईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, जाताना येऊन गेली होती माझ्याकडे. म्हणाली, त्यांना सांगा, नव्या नंबराचा चष्मा करून घ्या. समोरून दिसतं मला, सारखे वर सरकवत असतात. चष्मा तयार झाला की कळवा, मी येऊन बसवून देईन.

मी विचारलं, कधीही येईन म्हणाली? ताई म्हणाली, कधीही.

मग ताई रडली. मला रडायला अजून मनाई आहे. तरी रडलो. मला चष्मा सोडायचा नव्हता, मला ही हवी होती. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला डोळ्यांत दोन लेन्सा घालून घ्याव्या लागल्या.

२० फेब्रुवारी
संकल्प: फोन करायचा. जमला नाही. दुकानात गर्दी होती. (गर्दी नव्हती.)

२१ फेब्रुवारी
केला. तिनंच उचलला. माझा आवाज ऐकताच विचारलं, चष्मा झाला का तयार?

हो म्हणायचं होतं. एक शब्द. पण तोंडातून खरं गेलं. ऑपरेशन केल्याचं सांगितलं. ती म्हणाली, अगंबाई. मग म्हणाली, बरं झालं, सुटलात एकदाचे. नीट दिसतं ना? मी म्हटलं, लांबचं फार छान दिसतं. ती म्हणाली, थेंब वेळेवर घाला. मी म्हटलं, घालतो. पाठ केलेले दोन शब्द जिभेवर होते. मी म्हटलं, हवा कशी आहे तिकडे?

चांगली आहे म्हणाली.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरांचं खरं झालं. जवळचं दिसत नाही. वहीतली अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. दुकानातल्या स्टँडवरचा वाचायचा रेडीमेड चष्मा घेतला, प्लस दीड. तो लावूनच हे लिहितोय.

ताईला सांगितलं, हिला कळव, मला पुन्हा चष्मा लागला आहे. ताईनं कळवलं. संध्याकाळी उत्तर सांगायला आली, पण आधी डबा ठेवला, मग पदर आवरला, मग खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, ती म्हणते, रेडीमेड चष्म्याला फिटिंग लागत नाही.

बरोबर आहे. गिऱ्हाइकांना मीही हेच सांगतो.

घसरतो मात्र आहे.